व्हर्लीनचा बाक

माझा भाऊ अ‍ॅम्ब्रोझ उपदेशाला उभा राहिला की सुरुवातीला कोणीही बोलेल तसंच बोलतो. चष्मा पुसतो, खोकतो, आजारी माणसांची नावं घेतो, साखर कारखान्यात कोणाचा हात सापडला त्याची विचारपूस करतो. नवा माणूस म्हणेल, हा कसला रेव्हरंड! आम्ही जुनी माणसं मात्र पुठ्ठ्याचे पंखे हलवत वाट बघत असतो. कारण थोड्या वेळानं त्याच्या एखाद्या वाक्याच्या शेपटाला सूर चिकटतो. पुढच्या वाक्याला जरा जास्त. मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. तो कुठल्या पट्टीत चढणार हे आधी ठरलेलं नसतं. पियानोवरच्या माणसानं ते हुडकायचं, त्याच्या खाली हलकेच हात घालायचा आणि त्याला वर उचलायचं. दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास घेतो तेवढ्यात पियानोनं उत्तर द्यायचं. मला विचाराल तर परमेश्वर बोलतो तो त्या श्वासातच बोलतो. पण हे मी डीकन मंडळींसमोर, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांसमोर, म्हणत नाही.

आमच्या माउंट नेबो चर्चमध्ये तो पियानोचा बाक व्हर्लीन गिड्रीचा. आणि त्या बाकापायी माझा भाचा लिअँडर आयुष्यभर जळत राहिला.

लिअँडर नार्सिस म्हटलं तर चटकन कोणाच्या ध्यानात येणार नाही. शुगर लिअँडर म्हटलं की येईल. ‘हात दे ना, लूला’ गाणारा. एके काळी डोनाल्डसनव्हिलपासून शिकागोपर्यंत असा एक खानावळीतला ज्यूकबॉक्स नव्हता की ज्यात ते गाणं नव्हतं. उसाच्या गावचा म्हणून नाव शुगर पडलं. पांढरा सूट घालायचा, उभ्यानं पियानो वाजवायचा आणि डावा पाय असा आपटायचा की समोर बसलेल्या बायांच्या कानातले डूल हलत.

शिकला तो माउंट नेबोच्याच पियानोवर. त्याची आई मोठ्या पुरात गेली, तेव्हा हा एवढासा होता. अ‍ॅम्ब्रोझ त्याला मानगुटीवर बसवून आमच्याकडे नदीच्या खालच्या अंगाला आला, तो इथलाच झाला. पोराला मी वाढवलं. रविवारी त्याला सांभाळायला कोणी नसायचं म्हणून मी त्याला पियानोखाली बसवायची. तिथून तो बाकावर कधी चढला, कळलंच नाही. मिसरूड फुटायच्या आत तो बापाच्या उपदेशामागे वाजवायला लागला होता. बाप सूर बदलायचा आणि पोरगा त्याच्या आधी तिथे जाऊन बसलेला असायचा. ते दोघं भरात असले की मी देवाला सांगत असे, आता नेलंस तरी चालेल.

मग कारखान्यामागच्या दारूच्या झोपड्यात त्याला कोणीतरी वाजवायला नेलं. तिथून न्यू ऑर्लिन्स. सतराव्या वर्षी गेला तो गेलाच. आणि त्याच्या पुढच्याच रविवारी अ‍ॅम्ब्रोझनं शेजारच्या व्हर्लीनला बाकावर बसवलं. लिअँडरच्याच वयाची, दोन वेण्या घालणारी, चार गाणी येणारी पोर. “उपाशी पंगत बसवून ठेवता येत नाही,” एवढंच अ‍ॅम्ब्रोझ म्हणाला.

लिअँडरनं ते कधी माफ केलं नाही. अगदी एक आठवडासुद्धा बाक रिकामा ठेवला नाही पप्पांनी, म्हणायचा.

त्यात त्या गाण्याची भर. अ‍ॅम्ब्रोझचा एक उपदेश आहे, बांधाचा उपदेश. पूर आला, माणसं नदीच्या बांधावर चढली, कोण राहिलं, कोण वाहून गेलं, अशी सगळी हकिगत. ती तो वर्षातून एकदाच सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. उसाच्या तोडणीच्या आधी शिकागो, लॉस एंजेलिसला पांगलेली आमची सगळी माणसं त्या दिवशी चर्चला घरी येतात. मी त्याला माहेरपणाचा रविवार म्हणते. त्या उपदेशात अ‍ॅम्ब्रोझ बांधावरून खालच्या माणसाला हाक घालतो, “हात दे!” आणि पियानो खालून तीन पायऱ्या चढल्यासारखा वर येतो. लिअँडरनं ती हाक उचलली, त्या तीन पायऱ्या उचलल्या, पुढे एक लूला जोडली आणि तबकडी काढली. चर्चमध्ये गहजब झाला. डीकन हिपोलाइट म्हणाले, “पोरानं बापाची बुडालेली माणसं नाचायला लावली.” अ‍ॅम्ब्रोझ काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं फार वाईट असतं.

आमच्यात नियम आहे. ज्यानं दारूच्या अड्ड्यात वाजवलं त्यानं चर्चमध्ये वाजवायचं असेल तर आधी सगळ्यांसमोर उभं राहून क्षमा मागायची. मग कोणीतरी सूचना मांडायची, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, हात वर व्हायचे आणि शेवटी रेव्हरंडनं आपला उजवा हात पुढे करायचा. म्हणजे माणूस परत घरातला झाला. लिअँडर म्हणायचा, “मी कशाला क्षमा मागू? मी काय कोंबडी चोरली?”

त्यानं नाव काढलं हे मात्र खरं. मोठ्या मोठ्या हॉटेलांत वाजवलं, जिथे तो काळा म्हणून स्वयंपाकघराच्या दारानं आत जायचा आणि त्याची चित्रं मात्र पुढच्या दारावर लावलेली असायची. पुढे त्याचं तेच गाणं एका गोऱ्या पोरानं म्हटलं आणि ते दुप्पट चाललं. माझा जळफळाट झाला. लिअँडर नुसता हसला. “गाऊ दे गं आत्या. त्याला ताल सापडला तर मला पत्र टाक म्हणावं.” मग गिटारवाली पोरं आली, पियानो मागे सरकला, आणि लिअँडर ह्यूस्टनच्या एका हॉटेलात जेवणाऱ्या लोकांना संथ गाणी ऐकवू लागला. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. पण गावी आला, माझ्या ओसरीवर बसला, कॉफीचा पहिला घोट घेतला की ठरलेला प्रश्न:

“व्हर्लीन अजून वाजवते?”

“वाजवते.”

“डावा हात सुधारला की नाही तिचा?”

“अरे, तिच्या डाव्या हाताची एवढी काळजी तिच्या नवऱ्यानं कधी केली नाही.”

त्याची दुसरी बायको, ओडेसा, मोठी मोकळी बाई. मला म्हणाली, “आत्या, झोपेत व्हर्लीन व्हर्लीन करायचा. मला वाटलं, असेल कोणी जुनी. इथे येऊन बघते तर पियानो! बाई असती तर मी निपटलं असतं हो. बाकाशी कशी भांडू?”

पैसा होता तेव्हा त्यानं चर्चला नवा पियानो पाठवला. काळाभोर, आरशासारखा. मला वाटलं, मन निवळलं. कसलं काय. पुढच्या खेपेला म्हणतो, “पियानो माझा, आणि बसते ती!”

माहेरपणाच्या रविवारी मात्र तो कधी आला नाही. त्या शनिवारी न्यू ऑर्लिन्सला एका क्लबचा वार्षिक नाच असायचा आणि तो तिथे वाजवायला करारानं बांधलेला असायचा. असं तो सांगायचा. मी एकदा अ‍ॅम्ब्रोझला म्हटलं, “तू त्या उपदेशात काय काय बोलतोस ते त्याला सांगू का?” तर म्हणाला, “इझोरा, उपदेश काय डब्यात घालून द्यायची भाजी आहे? ऐकायचा असेल तर येऊन बाकड्यावर बसेल.” दोघंही नार्सिस. एकाच्या गुडघ्यात वाकण नाही आणि दुसऱ्याच्या मानेत.

पुढे अ‍ॅम्ब्रोझनं जाहीर केलं की यंदाचा बांधाचा उपदेश शेवटचा. पाय थकले, नवा रेव्हरंड बघा. ही बातमी ह्यूस्टनला पोचली आणि सप्टेंबर सरता सरता लिअँडर बॅगा घेऊन माझ्या दारात उभा. केस पांढरे, पोट सुटलेलं, बोटांत अंगठ्या तेवढ्या तशाच.

“आत्या, शेवटच्या उपदेशाला मी वाजवणार.”

“क्षमा मागावी लागेल.”

“मागतो.”

“देवापुढे उभं राहशील की व्हर्लीनपुढे?”

तो बॅगा उचलून आत गेला. मी शेंगदाणे सोलत राहिले.

त्या उपदेशाच्या आदल्या रविवारी तो उभा राहिला. पांढरा सूट नव्हता, साधा राखी कोट होता. “मी जिथे वाजवायला नको तिथे वाजवलं. चर्चनं मला क्षमा करावी,” एवढंच बोलला आणि घसा साफ केला. डीकन हिपोलाइटनी सूचना मांडली, तोंड कडू करून का होईना. मग अनुमोदन हवं. पंखे थांबले. मी उठणार एवढ्यात पियानोवरून आवाज आला.

“माझं अनुमोदन आहे,” व्हर्लीन म्हणाली. डोक्यावर जांभळी हॅट, तिच्यावर पिसांचा झुबका. शाळेत मास्तरीण आहे ती, बोलते ते शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचतं. “गेली तीस वर्षं ब्रदर लिअँडर माझ्या डाव्या हातासाठी प्रार्थना करताहेत असं ऐकते. इतका भाविक माणूस बाहेर ठेवणं बरं नाही.”

चर्च हसलं. हात वर झाले. अ‍ॅम्ब्रोझ काठी टेकत खाली आला आणि त्यानं उजवा हात पुढे केला. जसा तो शिकागोच्या पाहुण्यापुढे करतो, अगदी तसाच. बोटं लागली न लागली तोच परत घेतला. लिअँडर माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा स्वतःच्या तळव्याकडे बघत होता.

प्रार्थनेनंतर तो बापाकडे गेला. “पप्पा, पुढच्या रविवारी मी वाजवू?”

अ‍ॅम्ब्रोझ म्हणाला, “मला काय विचारतोस? बाक व्हर्लीनचा आहे. तिला विचार.”

लिअँडरचं तोंड भाजल्यासारखं झालं. माझ्या देखत तो तिच्याकडे वळला. “व्हर्लीन—”

“घे,” ती म्हणाली. त्याला विचारूसुद्धा दिलं नाही. “पण उपदेश ऐकून वाजव हं, शुगर. स्वतःला ऐकून नको.”

“व्हर्लीन, तू पियानोची एबीसीडी शिकत होतीस तेव्हा मी हा उपदेश वाजवत होतो.”

“म्हणूनच सांगते,” ती म्हणाली आणि हॅट सावरत निघून गेली. तिच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं मात्र दिसलं की बाहेरच्या पायरीवर तिनं हातमोजे चढवले, काढले, परत चढवले.

माहेरपणाच्या रविवारी चर्चमध्ये मुंगीला जागा नव्हती. खिडक्यांबाहेर माणसं, पेकनच्या झाडाखाली माणसं. मी पांढरा पोशाख घालून दारात उभी, लोकांना जागा दाखवत होते. लिअँडर बाकावर बसला, अंगठ्या काढून खिशात टाकल्या. व्हर्लीन पहिल्या बाकड्यावर, अ‍ॅम्ब्रोझच्या अगदी समोर. मांडीवर रिकामे हात. तिचे रिकामे हात मी पहिल्यांदाच पाहिले.

अ‍ॅम्ब्रोझनं चष्मा पुसला. खोकला. आजाऱ्यांची नावं घेतली. मग पुराच्या साली पाऊस कसा लागला ते सांगू लागला, साधंच. आणि मग शेपटाला सूर चिकटला.

“पाणी आलं.”

“हो, आलं!” बाकड्यांवरून उत्तर.

“न विचारता आलं. मालकाच्या दारात आलं, कुळाच्या दारात आलं. पाण्याला रंग दिसत नाही!”

“सांगा, रेव्हरंड!”

लिअँडरचा हात तोवर खाली जाऊन पोचला होता. काळी चार. अ‍ॅम्ब्रोझ तिथेच चढला, आणि काय सांगू, तो जुना पोरगा परत आला हो! बाप वाकला की तो वाकायचा, बाप झेपावला की तो आधीच वर. माझ्या पायांतलं दुखणं गेलं. डीकन हिपोलाइट उभे राहून रुमाल हलवू लागले. मी मनात म्हटलं, देवा, या पोराला इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस? पण मला दुसरंही दिसत होतं. लिअँडर बापाकडे बघत नव्हता. तो व्हर्लीनकडे बघत होता. प्रत्येक तुकड्याला एक नजर: हे येतं तुला? आणि हे? हळूहळू श्वासांच्या जागा बुजायला लागल्या. अ‍ॅम्ब्रोझ श्वास घ्यायचा आणि पियानो तिथे पूर आल्यासारखा भरून जायचा.

अ‍ॅम्ब्रोझ नावांवर आला. “ज्यूडा कोल्सन गेला. त्याची दोन खेचरं गेली. दाईकाम करणारी फीबी गेली, जिनं आम्हा सगळ्यांना कोरडं करून या जगात ठेवलं, ती ओली गेली.” एकेक नाव, एकेक हुंदका. “आणि माझी सेलेस्ती. हातातून गेली. मी म्हटलं, हात दे! म्हटलं, हात दे!” पियानो तीन पायऱ्या चढला. “आणि हातात पाणी आलं.”

अ‍ॅम्ब्रोझ थांबला. डोळे मिटले. या जागी तो दरवर्षी थांबतो, लांब थांबतो. आणि मिटल्या डोळ्यांनी त्यानं मान वळवली ती बाकाकडे नाही, जिच्याकडून दरवर्षी उत्तर येतं तिच्याकडे. व्हर्लीनचे ओठ हलत होते. मांडीवरची बोटं हलत होती.

लिअँडरनं ते पाहिलं.

त्याच्या लहानपणी उपदेश इथेच संपायचा, आईच्या नावाशी. त्याला एवढंच ठाऊक. त्यानं दोन्ही हात उचलले आणि शेवटाचा तुकडा घेतला. क्लबमध्ये प्रत्येक गाण्यानंतर घेतात तो, वरून गडगडत खाली येणारा आणि शेवटी दोन ठोके: संपलं, आता वाजवा टाळ्या. आणि मागच्या बाकड्यांवरच्या, शिकागोहून आलेल्या पोरासोरांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

जुन्या माणसांपैकी कोणी हललं नाही.

अ‍ॅम्ब्रोझनं डोळे उघडले. तोंड उघडलं होतं, पुढचा शब्द ओठावर होता. पण जन्मभर पियानोबरोबर चाललेला माणूस, पियानोनं दार लावलं आणि त्याच्या अंगानंही लावलं. मी त्याला शब्द शोधताना पाहिलं, सापडले नाहीत. त्यानं हात वर करून आशीर्वाद म्हटला आणि खुर्चीत बसला. शेवटचा बांधाचा उपदेश तिथेच बंद झाला.

बाहेर झाडाखाली टेबलं मांडली होती. तळलेली कोंबडी, लाल घेवड्याचा भात, माझं रताळ्याचं गोड पक्वान्न. पोरं लिअँडरभोवती जमली, “काय शेवट केलात अंकल!” म्हणून. तो हसत होता, पण डोळे बापाकडे. बाप झाडाच्या बुंध्याशी खुर्चीवर, ताट हातात, बाजूला सरकलेला. त्यानं लिअँडरला एक शब्द म्हटला नव्हता.

शेवटी लिअँडर ताट भरून तिथे गेला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. म्हणाला मला, पण ऐकवलं बापाला: “बत्तीस वर्षांनी वाजवलं. बरं वाईट काही तरी म्हणावं माणसानं. उपदेश करताना मान तिच्याकडे वळते. मी बाकावर असताना तिच्याकडे!”

व्हर्लीन तिथेच लिंबू सरबत ओतत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

“तुला ठाऊक नाही तू काय बंद केलंस ते,” ती म्हणाली.

“आईच्या नावाशी संपतो उपदेश.”

“संपायचा! तू गेलास त्या साली संपायचा बंद झाला.” तिचा आवाज मास्तरणीचा राहिला नव्हता. “पुढे तू असतोस, मूर्खा. दरवर्षी. सेलेस्तीबाईंच्या नंतर थांबतात, मी तीन पायऱ्या हळू वाजवते, आणि मग तुझं नाव येतं. माझे हात, माझी कंबर, माझे तीस रविवार, आणि त्यांच्या तोंडी नाव कोणाचं? जो ह्यूस्टनला दारुड्यांना झोपवतोय त्याचं! एकदा तरी म्हणाले असतील का, व्हर्लीन, छान वाजवलंस? विचार त्यांना! तू माझ्या बाकावर जळतोस. मी कशावर जळायचं?”

लिअँडर माझ्याकडे वळला. मी होय म्हणून मान हलवली. अ‍ॅम्ब्रोझ कोंबडीच्या हाडाकडे बघत होता, जणू त्यावर काही लिहिलंय.

“पप्पा,” लिअँडर म्हणाला. “काय होतं पुढे?”

“बंद झालं,” अ‍ॅम्ब्रोझ पुटपुटला. “आता येत नाही. असं मागून येत नाही ते.” खोटं बोलत नव्हता तो. उपदेश हुकूम ऐकत नाही.

व्हर्लीन क्षणभर उभी राहिली. तिला तिथेच सोडता आलं असतं. जिंकली होती ती. तिनं हॅट काढली, माझ्या हातात कोंबली आणि पायऱ्या चढून रिकाम्या चर्चमध्ये गेली. लिअँडरची पावलं आपोआप तिच्यामागे निघाली.

“तू नाही!” ती आतून ओरडली. “तू बाहेरून ऐक. मी ऐकलं ना सकाळी बाकाबाहेरून!”

मग खिडकीतून पियानो आला. हळू. तीन पायऱ्या आणि एक थांबा. पुन्हा तीन पायऱ्या. तिच्यात नखरा नाही, मी कबूल करते. ती नुसती दार उघडून बाजूला उभी राहते.

अ‍ॅम्ब्रोझची चावणारी दाढ थांबली. पाठ ताठ झाली. बसल्या जागी त्याचा गळा हलला, घास खाली गेला, आणि कोणाकडे न बघता त्यानं ताट बाजूला धरलं, कोणीतरी घ्यावं म्हणून. ते लिअँडरनं घेतलं. आता त्याच्या दोन हातांत दोन ताटं.

“आणि मानगुटीवर होतं पोर,” अ‍ॅम्ब्रोझ म्हणाला. साधंच म्हणाला. मग सूर चिकटला. “माझे कान धरून होतं. भ्यालेलं होतं, म्हणून गात होतं.”

“हो, गात होतं,” मी म्हटलं. कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

“प्रभो, त्या पाण्यातून मी त्याला आणलं!” अ‍ॅम्ब्रोझ काठीवर उभा राहिला. टेबलांवरचे चमचे थांबले. “आता तो कुठल्या पाण्यात आहे ते तुला ठाऊक! कोणत्या गावी, कोणत्या दिव्याखाली! मला बांध दिसत नाही, मला होडी दिसत नाही, पण प्रभो, माझा हात बाहेर आहे!” आत पियानो वर चढला. डोळे मिटून म्हाताऱ्यानं उजवा हात हवेत पुढे केला. दरवर्षी करतो तसाच, रिकाम्या हवेत. “लिअँडर! हात दे! लिअँडर! हात दे!”

लिअँडर समोरच उभा. दोन ताटं घेऊन. गालांवरून पाणी वाहतंय आणि पुसायला हात नाही. त्याला ताट कुठे ठेवावं तेसुद्धा सुचेना. मी पुढे होऊन त्याच्या उजव्या हातातलं ताट काढून घेतलं.

त्यानं हात दिला. अ‍ॅम्ब्रोझ दचकला. इतकी वर्षं तिथे काही लागलं नव्हतं. डोळे उघडले नाहीत त्यानं, पण सोडलंही नाही. बोटांत बोटं घालून घट्ट धरलं आणि गात राहिला. आत व्हर्लीन वाजवत राहिली, त्याचा श्वास आला की उत्तर, श्वास आला की उत्तर, एकही जागा न बुजवता.

पुष्कळ वेळानं तो मंदावला. खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “छान वाजवलंस, व्हर्लीन.”

पियानो एक क्षण अडखळला.

लिअँडरनं बाहीला डोळे पुसले. बापाचा हात हातातच. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, “आत्या, पायानं पेडल फार दाबते ती.”

“गप रे,” मी म्हटलं. “ऐक.”